आजीची वाकळ उसवायची की नाही?

कुळागर
१२ नोव्हेंबर, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं नुसती वाचतेय, धागा पहिल्यांदाच काढतेय.

आमचं मूळ घर सावईवेऱ्याचं. आई आता फोंड्याला भावाकडे असते. दिवाळी झाली की ट्रंकेतली पांघरुणं उन्हात घालायची, हा आमच्या घरचा नेम. यंदा पाऊस जाता जात नव्हता. वाकळ काढायला उशीर झाला, आणि काढून कठड्यावर टाकायला उचलली तर कडेचं लुगडं टर्रकन फाटलं. वास तर असा, की नातू म्हणाला, "आज्जे, ह्यात उंदीर मेला काय?" उंदीर नव्हता. बुरशी होती.

पण फाटलं त्याच्या आत जे दिसलं ते कोणालाच ठाऊक नव्हतं. वरचं लुगडं आजीचं, हिरवं, लाल बारीक काठाचं. त्यात ती आईला लख्ख आठवते. त्याच्या खाली आणखी एक वाकळ आहे. अख्खी. लाल-पांढऱ्या चौकड्यांचे तुकडे, विटलेलं निळं कापड, एका कोपऱ्यात कसल्यातरी पोत्याचं पांढरं कापड. टाके कडेपासून सुरू होतात आणि गोल गोल फिरत मध्यावर येऊन संपतात.

माझी मुलगी जानेवारीत बाळंत होणार आहे. आईचं म्हणणं, "उसव आणि आतलं मऊ कापड काढ. चार दुपटी सहज निघतील. आजीच्या हातचं पणतवंडाच्या अंगाला लागेल." मला कात्री लावायचा धीर होत नाहीये. उसवू का? नाही उसवली तर धुवायची कशी? आणि त्या चौकड्यांच्या कापडाबद्दल कोणाला काही सांगता येईल का?

सुरंगी
१२ नोव्हेंबर, रात्री १०.०२

उसवू नकोस गो ताई!! आमच्याकडे पेडण्याला आजीचं वर्षश्राद्ध झालं त्या दिवशी तिन्ही आत्यांनी वाकळीचे सरळ तीन तुकडे केले. कात्रीने. प्रत्येकीला आठवण हवी होती. मधला टाका तुटला की वाकळ दोन्हीकडून उसवत जाते. वर्षाच्या आत तिघींकडे नुसती चिंध्यांची गाठोडी. त्यावरून भांडण झालं ते वेगळं, "तुझ्या तुकड्याला गोट होता" म्हणून.

आंबाडे
१२ नोव्हेंबर, रात्री १०.१५

फोटो? फोटोशिवाय पंचनामा होत नाही.

अवांतर: वाकळ की गोदडी? आमच्याकडे डिचोलीला तान्ह्या पोराची ती गोदडी आणि मोठ्यांची वाकळ.

कुळागर
१२ नोव्हेंबर, रात्री १०.३१

फोटो चढत नाहीयेत, मुलीला विचारून उद्या बघते. आम्ही तान्ह्याच्या पांघरुणाला दुपटंच म्हणतो. घराघरात वेगळं असणार.

दाभण
१३ नोव्हेंबर, सकाळी ६.५०

आधी धुण्याचं सांगतो. बुरशी बसू दिलीत तर बाकीच्या चर्चेला वाकळ उरणार नाही.

बुरशी ओली असताना पुसायला जाऊ नका, ती धाग्यात जाऊन बसते. दोन दिवस वाऱ्यावर कोरडी होऊ द्या, मग घराबाहेर नेऊन मऊ ब्रशने झटका. नाकाला फडकं बांधा. मग पांढरं ओलं फडकं प्रत्येक रंगाच्या कापडावर पाच मिनिटं दाबून ठेवा. लाल रंग उतरला तर पाण्यात घालायचीच नाही, ऊन-वाऱ्यावर भागवायचं. नाही उतरला तर फाटलेल्या भागावर दोन्ही बाजूंनी जुन्या मच्छरदाणीचा तुकडा टाचून घ्या, रिठ्याच्या कोमट पाण्यात बुडवा, हातांनी दाबत राहा. पिळायचं नाही, आपटायचं तर मुळीच नाही.

खरी चूक पुढे होते. भिजलेली वाकळ दोरीवर टाकली की तिच्याच वजनाने जुना दोरा तुटतो. खाली एक चादर घाला, दोघांनी चादरीसकट उचला आणि बाजेवर सपाट पसरा, सावलीत. खळ घालू नका, कसर त्या खळीवरच येते. प्लास्टिकच्या पिशवीत तर कधीच नको, आत दमट राहतं. आपल्याकडच्या पावसात तेच वाकळीला मारतं. मांजरपाटात गुंडाळा आणि दर खेपेला घडी वेगळ्या जागी मोडा.

मी बसवर कंडक्टर होतो, आता निवृत्त. शिवण आईकडून शिकलो. पुरुषाने काय शिवायचं म्हणून आयुष्यभर ऐकून घेतलंय, तेव्हा इथे कोणी सुरू करू नये.

आबोलीचा वळेसर
१३ नोव्हेंबर, सकाळी ८.२०

दाभणकाका, तुमची पोस्ट प्रिंट काढून कपाटाच्या दाराला लावली. मी माझी वाकळ ड्रायक्लीनला दिली होती. परत आली ती वजनाने अर्धी आणि पापडासारखी कडक. "बाई, ती मुळातच जुनी होती." अहो, जुनी आहे म्हणूनच तर दिली!

हल्याळकर
१३ नोव्हेंबर, दुपारी १.१०

कडेपासून मध्याकडे असं वाचलं आणि थांबलो. मी नोकरीनिमित्त नऊ वर्षं कर्नाटकात हल्याळला होतो. तिकडे हल्याळ, यल्लापूर, मुंडगोड भागात सिद्दी समाज आहे. पोर्तुगीजांनी आफ्रिकेतून गुलाम म्हणून गोव्यात आणलेल्यांपैकी काही घाटावरच्या जंगलात पळाले, त्यांचे हे वंशज. त्यांच्या घरी जी भाषा बोलतात ती आपल्या कोकणीचीच बहीण, पहिल्यांदा ऐकली तेव्हा मी चाटच पडलो होतो. त्यांच्या बायका कवंदी शिवतात, म्हणजे त्यांची वाकळच. चारही कडांपासून सुरुवात, फेरे घेत मध्यावर शेवट, आणि चार कोपऱ्यांवर कापडाच्या त्रिकोणी घड्यांचं 'फूल'. फुलाशिवाय कवंदी पुरी झाली असं त्या मानत नाहीत. घर ख्रिस्ती असेल तर मधे कुठे क्रूस असतो, मुसलमान असेल तर चंद्रकोर.

तुमच्या वाकळीच्या कोपऱ्यांवर तसं काही आहे का?

कुळागर
१३ नोव्हेंबर, दुपारी ३.४५

कोपरे नीट चाचपले. फूल नाही. पण ठिगळं आहेत, सात-आठ, नंतर लावलेली वाटतात.

सुरंगी
१३ नोव्हेंबर, दुपारी ४.००

म्हणजे आजीचं सिद्दी कनेक्शन! धागा रंगणार.

दाभण
१३ नोव्हेंबर, संध्याकाळी ६.१५

थांबा हो. कडेपासून शिवत येणं ही काही एकाच समाजाची मक्तेदारी नाही. कडा आधी बांधली की थर सरकत नाहीत, हे कुठल्याही शिवणाऱ्या बाईला कळतं. फूल नाही, तर कवंदी म्हणू नये. आणि लाल-पांढरी चौकडी आपल्या कुणबी-गावडा बायकांच्या कापडाचीही असते. तेच म्हणजे गुडघ्यापर्यंत नेसायचं, खांद्यावर देठलीची गाठ मारायचं. अर्थात चौकडी दिसली की कुणबी, असंही नाही. बाजारात चौकडी सगळ्यांनाच मिळायची.

हिशेबाची आवड आहे म्हणून एक देतो. नऊवारी म्हणजे २७ फूट. चार घड्या घातल्या की पावणेसात फूट लांब आणि पन्हा धरला ४५ इंच, तर तेवढी रुंद, अशी एका माणसाची चौपदरी वाकळ एका लुगड्यात होते. टाक्यांच्या ओळी अर्ध्या इंचावर धरा. एकूण शिवण भरते ७,२९० इंच, म्हणजे १८५ मीटर. इंचाला तीन टाके धरले तर जवळपास २२ हजार टाके. तुमच्यासारखी दोघांची असेल तर दुप्पट. हे भात कापून, सुपाऱ्या सोलून, रात्री चिमणीच्या उजेडात.

आंबाडे
१३ नोव्हेंबर, संध्याकाळी ६.४०

२२ हजार!! आणि आम्ही बटण तुटलं की शर्ट टाकून देतो.

ताग नदीकाठी
१३ नोव्हेंबर, रात्री ११.५५

मी मूळचा म्हापशाचा, सध्या लिस्बनला. इथल्या प्राचीन कलेच्या राष्ट्रीय संग्रहालयात 'कोल्चा' ठेवलेल्या आहेत. कोल्चा म्हणजे पलंगपोस. सोळाव्या-सतराव्या शतकात पोर्तुगीजांनी बंगालमधून बनवून घेतलेल्या पांढऱ्या सुती कापडावर पिवळ्या टसर रेशमाचं काम. शिकारी, जहाजं, आणि मधोमध बऱ्याचदा सॉलोमनचा न्याय: एक मूल, दोन बायका, दोघीही म्हणतात माझं.

आता गंमत. लिन्सखोटेन नावाचा डच माणूस १५८३ ते १५८८ गोव्यात आर्चबिशपच्या पदरी होता. त्याच्या प्रवासवर्णनाचं इंग्रजी भाषांतर १५९८ चं. त्यात गुजरातकडच्या कापडाबद्दल लिहिताना तो रेशमाने शिवलेल्या सुंदर पांघरुणांचा उल्लेख करतो आणि त्यांना दोन नावं देतो: 'गोदोरीं' आणि 'कोल्चा'. गोदोरीं! चारशेपेक्षा जास्त वर्षांपूर्वी एका डच माणसाच्या वहीत आपली गोदडी बसलेली आहे. काचेसमोर उभा राहून मी एकटाच हसत होतो, पहारेकरी बघायला लागला.

काचेखालच्या पाटीवर देश, शतक, रेशमाचा प्रकार सगळं आहे. शिवणारीचं नाव अर्थातच नाही.

साळावली
१४ नोव्हेंबर, सकाळी ७.३०

हे शेवटचं वाक्य वाचून लिहावंसं वाटलं. आम्ही कुर्डीचे. मोगूबाई कुर्डीकरांचं कुर्डी, एवढीच आमची ओळख बाहेर उरलीय. साळावली धरणासाठी गाव उठलं आणि आम्ही वाडें इथे आलो. आई सांगते, ट्रकमध्ये चढवताना पितळी हंडे-कळशा आदळू नयेत म्हणून वाकळींत गुंडाळल्या होत्या. भांडी शाबूत पोचली. वाकळी भांड्यांच्या काळ्याने डागाळल्या, त्या कोणीतरी नव्या गावातल्या पहिल्या पावसात दारात पायपुसणं म्हणून घातल्या.

दर मे महिन्यात पाणी उतरतं आणि सोमेश्वराच्या देवळाकडे आम्ही सगळे जमतो. घरांचे चौथरे दिसतात, तुळशीवृंदावनं दिसतात. प्रत्येक जण दाखवतो, हे आमचं, ते तुमचं. माझी आई दरवर्षी तिथे एकदा तरी त्या वाकळींचं नाव काढते.

कुळागरताई, उसवू नका.

कुळागर
१४ नोव्हेंबर, रात्री ९.०५

साळावली, काय लिहू.

काकांनी सांगितलं तसं ब्रशने झटकली. लाल रंग उतरत नाही. हात फिरवत बसले होते तेव्हा एक लक्षात आलं. आतल्या वाकळीचे फेरे कडेवरून आत कुठे वळतात ती जागा चारही बाजूंनी शोधली. फेरे उलटे आहेत. देवाला घालतो त्या प्रदक्षिणेच्या विरुद्ध. आईला सांगितलं तर ती एकदम गप्प झाली, मग म्हणाली, "असं कोणी शिवत नाही. उलटी फेरी बरी नव्हे."

दाभण
१४ नोव्हेंबर, रात्री ९.३०

बरीवाईट काही नाही. उजव्या हाताने शिवणारा उजवीकडून डावीकडे जातो. वाकळीच्या बाहेर बसून कड मांडीवर घेतली तर फेरा आपोआप प्रदक्षिणेचा होतो. उलटा झाला म्हणजे शिवणारी डावखुरी. तुमची आजी डावखुरी होती का?

आबोलीचा वळेसर
१४ नोव्हेंबर, रात्री ९.५२

काका, इथे तुम्ही चुकताय. माझी आई वाकळ अंगणात पसरून तिच्यावरच बसायची, तोंड बाहेर कडेकडे करून. उजव्याच हाताने शिवायची आणि फेरे उलटे पडायचे. आत्ता जाऊन बघितलं. उलटेच आहेत.

दाभण
१४ नोव्हेंबर, रात्री १०.१०

मान्य. हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं, आमच्याकडे वाकळीवर पाय देत नसत.

मग फेरे सोडा. ठिगळं बघा. ठिगळाच्या कडेला हेम घातलेली असते, तिचे टाके तिरके असतात. कापड कसंही फिरवा, तुम्ही आत बसा, बाहेर बसा, तो तिरकसपणा बदलत नाही. डाव्या हाताचा टाका उजव्या हाताच्या टाक्याची आरशातली छबी असतो. आजीने नक्की स्वतः शिवलेलं दुसरं काही घरात आहे का? दोन्ही शेजारी ठेवून बघा.

कुळागर
१५ नोव्हेंबर, दुपारी १२.२०

आहे. माझ्याच बारशाची कुंची. आजीने ती दोन दिवसांत शिवली, हे आईने डोळ्यांनी पाहिलंय. आतून खणाला अस्तर हेम घालून लावलंय.

आत्ता जेवणाच्या टेबलावर दोन्ही समोर आहेत. वाकळीचं वरचं हिरवं लुगडं ज्या टाक्यांनी बसवलंय तेही पाहिलं. कुंचीचे टाके एकीकडे झुकलेले. वाकळीच्या ठिगळांचे बरोबर उलटीकडे. हिरव्या लुगड्याच्या कडेचेही उलटीकडे. आतली आणि वरची, दोन्ही वाकळी एकाच हाताच्या. आणि तो हात आजीचा नाही.

सुरंगी
१५ नोव्हेंबर, दुपारी १२.२५

अंगावर काटा आला.

आंबाडे
१५ नोव्हेंबर, दुपारी १२.४०

आईला विचारलंत?

कुळागर
१५ नोव्हेंबर, रात्री १०.४०

विचारलं. आधी म्हणाली, काहीतरीच. मग पंधरा मिनिटांनी तिचाच फोन.

पावसाळा सरला की कुळागरात सुपारी काढायचं काम असायचं, तेव्हा चार-पाच बायका यायच्या. त्यातली एक दुपारची जेवण झाल्यावर पडवीत बसून शिवायची. आई तेव्हा सात-आठ वर्षांची. "ती डावरी होती गो. आम्ही पोरं तिच्यासमोर बसून डाव्या हाताने जेवायची नक्कल करायचो आणि आजी आम्हाला ओरडायची. तिला नाही, आम्हाला." वाकळीमागे दोन पायली भात आणि नारळ मिळायचे, एवढं आईला आठवतं. कापड आजी द्यायची. पुरलं नाही की ती स्वतःच्या घरून तुकडे आणायची.

चौकडी तिथून आली.

नाव आईला आठवत नाही. "सगळी डावरीच म्हणत." मडगावच्या थोरल्या मावशीला फोन केला, ती ८६ वर्षांची आहे. तिलाही नाही आठवलं. तिने उलट मलाच विचारलं, "तुला कित्याक जाय तें?" म्हणजे, तुला कशाला हवंय ते?

माडाचा शेंडा
१६ नोव्हेंबर, सकाळी ९.१५

सगळं वाचलं. थोडं स्पष्ट बोलतो, राग नसावा. कापड आजीचं, घर आजीचं, मोबदलाही दिला. मग वाकळ आजीचीच ना? आपण सोनाराकडून पाटल्या करून घेतो, त्या सोनाराच्या म्हणतो का? उगाच अपराधी वाटून घेण्यात अर्थ नाही.

कुळागर
१६ नोव्हेंबर, सकाळी १०.००

पाटल्या सोनाराच्या म्हणत नाही, पण आजीने घडवल्या असंही म्हणत नाही. आमच्या घरात गेली साठ वर्षं "आजीच्या हातची वाकळ" असंच म्हणतात. मीही या धाग्याच्या सुरुवातीला तेच लिहिलंय.

ताग नदीकाठी
१६ नोव्हेंबर, दुपारी ४.३०

माडाचा शेंडा, तुमचं म्हणणं कायद्याने बरोबर आहे. पण सोनार पाटलीत स्वतःच्या घरचं सोनं घालत नाही.

माडाचा शेंडा
१६ नोव्हेंबर, दुपारी ४.५०

हे मात्र खरं.

सुरंगी
१६ नोव्हेंबर, संध्याकाळी ७.००

आणि दुपट्यांचं काय ठरलं?

कुळागर
२९ नोव्हेंबर, रात्री ९.२०

धागा वर काढतेय, उशिराबद्दल क्षमा.

वाकळ धुतली. मी आणि भावजयीने चादरीसकट उचलली, कमरेचे काटे ढिले झाले. वास गेला. सावलीत सुकायला तीन दिवस लागले. उसवली नाही. दुपटी आईच्या दोन जुन्या सुती साड्यांची करतेय. आईला आधी ते पटलं नाही, आता तीच काठ कापून देतेय.

फाटलेल्या जागेवर ठिगळ लावायला घेतलंय. हिरव्या कापडाला जुळणारं मिळालं नाही, जे मिळालं ते लावलं. मधला भाग दोन वितीएवढा सुटला होता, तिथे जुन्या टाक्यांची भोकं अजून दिसतात. ठरवलं, त्याच भोकांतून दोरा न्यायचा. पण ती माझ्या हाताला उलटी येतात. डावीकडून उजवीकडे जावं लागतं, सुई मनगट वळवून धरावी लागते, चार टाक्यांनी हात भरून येतो. शेवटी डाव्या हाताने करून बघितलं. टाके वेडेवाकडे आलेत, पण बसलेत. आज अकरा झाले.

काका, पदर सहा-सात आहेत, साधी सुई वाकते. दाभण घेतलं तर भोकं मोठी होतील का?

दाभण
२९ नोव्हेंबर, रात्री ९.४५

होतील. दाभण नको. गादीवाल्याकडे लांब बारीक सुई मिळते ती आणा, आणि दोरा आधी मेणावरून ओढून घ्या. अंगुस्तान डाव्या हाताला घाला, उजव्याला नव्हे.